डॉ. हेन्री फॉल्ड्स

बोटांवरील शंख-चक्रे पाहून मनुष्याचे भविष्य सांगणारे ज्योतिषी सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्याच रेषांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहून एका निरपराध मनुष्याची सुटका करणारे एक मिशनरी वैद्य होऊन गेले. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस बोधप्रद होईल, म्हणून ते येथे संक्षेपाने देत आहोत.

हेन्री फॉल्ड्स यांचा जन्म १ जून १८४३ रोजी स्कॉटलंडमधील बीथ या गावी झाला. घरची स्थिती खालावल्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांना शाळा सोडून ग्लासगो शहरी कारकुनी पत्करावी लागली. तथापि विद्येची आवड त्यांनी सोडली नाही. एकविसाव्या वर्षी ते विद्यापीठात दाखल झाले व पुढे वैद्यकीच्या परीक्षा उत्तीर्ण झाले. १८७१ साली ते हिंदुस्थानात आले आणि दार्जिलिंग येथे गोरगरिबांची शुश्रूषा करू लागले. १८७४ साली ते जपानात गेले. टोकियोच्या त्सुकिजी भागात त्यांनी रुग्णालय काढले, जपानी विद्यार्थ्यांस वैद्यकी शिकविली आणि अंधांच्या साहाय्यार्थ संस्था स्थापण्यास हातभार लावला.

तेथेच प्राचीन मातीच्या भांड्यांवर कुंभारांच्या बोटांचे ठसे त्यांच्या दृष्टीस पडले. कुतूहल जागे होऊन त्यांनी अनेकांचे ठसे जमविले. बोटांवरील रेषा घासून काढल्या, तरी त्या पूर्ववत उगवल्या! पुढे त्यांच्या रुग्णालयात चोरी झाली व पोलिसांनी तेथील एका नोकरास पकडले. चोराने मागे ठेवलेला ठसा त्या नोकराच्या ठशाशी जुळत नाही, हे फॉल्ड्स यांनी दाखवून दिले आणि तो बिचारा सुटला. २८ ऑक्टोबर १८८० रोजी 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला.

घासलेल्या रेषा पुन्हा का उगवतात? याचे उत्तर मातेच्या उदरात आहे, आणि ते पुढील पिढ्यांतील गर्भशास्त्रज्ञांनी शोधून काढले. गर्भाची त्वचा आरंभी पेशींच्या एकाच थराची असते. हळूहळू तिच्यावर थर चढत जातात व खाली बळकट अंतस्त्वचा तयार होते. सुमारे सातव्या आठवड्यात बोटांच्या अग्रांवर इवल्याशा उशा फुगून येतात. दहाव्या आठवड्यानंतर त्या ओसरू लागतात आणि त्याच सुमारास बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात, शेतातील सऱ्यांप्रमाणे, ओळी पडू लागतात. उशी उंच असल्यास बहुधा चक्र उमटते, एका अंगास कललेली असल्यास शंख आणि सपाट असल्यास कमान. याच ओळींतून घर्मग्रंथी खाली उतरतात. नखांचा आरंभही याच सुमारास होतो. सुमारे सतराव्या आठवड्यास मूळ नक्षी ठरते व चोविसाव्याच्या सुमारास ती पूर्ण होते. तिचे मूळ खोल असल्यामुळे वरची त्वचा झिजली तरी नक्षी नाहीशी होत नाही. २०२३ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, या ओळी उशीचा मध्य, नखाकडील टोक व सांध्याची घडी अशा तीन ठिकाणांहून लाटांप्रमाणे पसरतात. त्या लाटा कोठे व केव्हा भेटतील हे किंचित कारणांनी बदलते. म्हणूनच एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांचे ठसेही निराळे असतात.

फॉल्ड्स १८८६ साली मायदेशी परतले. लंडनच्या पोलिसांनी त्यांची सूचना स्वीकारली नाही. पुढे फ्रान्सिस गॉल्टन यांच्या ग्रंथाने ही विद्या प्रसिद्धीस आली व १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली; परंतु श्रेय फॉल्ड्स यांच्या वाट्यास फारसे आले नाही. तरीही १९०५ सालच्या एका खुनाच्या खटल्यात, केवळ एकाच बोटाच्या ठशावर कोणास फाशी देऊ नये, असा आग्रह त्यांनी धरला. २४ मार्च १९३० रोजी ते निवर्तले.

या चरित्राचा आपल्या सोलापूरशीही संबंध पोहोचतो. फॉल्ड्स हिंदुस्थानात आले त्याच १८७१ साली येथील सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि त्या जमातींत नोंदलेल्यांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांस मिळाला. सोलापुरातही तारेच्या कुंपणाआड अशी वसाहत वसविली गेली. सेटलमेंट हे नाव तिची आठवण देते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. ज्या विद्येने प्रथम एका निर्दोषाचे बंधन तोडले, तीच निष्पाप लेकरांस जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या कायद्याच्या सेवेस जुंपली गेली, हे केवढे दुर्दैव! मातेच्या उदरात उमटलेली रेषा हा मनुष्य कोण एवढेच सांगते. त्याची जात, कुळ वा शील तिच्यात लिहिलेले नसते; शील ज्याचे त्याने आपल्या करणीने घडवावयाचे असते. विद्यार्थ्यांनो, शेजारच्या बाकावरील सोबत्याविषयी मत बनविताना ही गोष्ट आठवा.