गोलंदाज बाळू पालवणकर

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटली की तुमची पावले मैदानाकडे वळतात. गाव जुन्नर असो, ओतूर असो, मंचर किंवा घोडेगाव असो. पीक निघालेले एखादे मोकळे शेत मिळाले की तेथे स्टंप उभे राहतात. अशा प्रत्येक टोळीत एक मुलगा असतो. तो सर्वांच्या आधी येतो. खडे वेचतो, स्टंप ठोकतो आणि ज्याच्या मालकीची बॅट आहे त्याला संध्याकाळभर चेंडू टाकतो. त्याची स्वतःची पाळी येईपर्यंत अंधार पडतो आणि बॅटचा मालक घरी निघून जातो. तुमच्या टोळीतला तो मुलगा कोण, हे जरा मनात आणा. आज आपण ज्यांचे चरित्र वाचणार आहोत, त्यांची सुरुवात त्या मुलासारखीच झाली. फक्त त्यांना या कामाचे पैसे मिळत होते. किती, ते पुढे येईलच.

त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. त्यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. ते चर्मकार समाजाचे होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा. त्याच्या हातचे पाणी इतर लोक पीत नसत आणि त्याला आपल्या पंक्तीत जेवायला बसवत नसत. बाळूंचे वडील लष्करी नोकरीत होते. त्यामुळे हे कुटुंब पुण्यात राहत होते. पुण्याच्या लष्कर भागात इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हा खेळ शिकले.

मोठे झाल्यावर बाळूंना पहिले काम मिळाले ते पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि कधी कधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार एका रुपयाने वाढला, म्हणजे महिना चार रुपये झाला. काम मात्र एका रुपयापेक्षा पुष्कळच वाढले. खेळपट्टी लोळवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी बांधणे आणि टेनिसच्या मैदानाची आखणी करणे, हे सारे त्यांच्याकडे होते. क्लबातील ट्रॉस नावाच्या साहेबाने त्यांना गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. मग तेही काम त्यांच्याकडे आले.

बाळू डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकत. चेंडू कुठे पडणार आणि पडल्यावर किती वळणार, यावर त्यांचा विलक्षण ताबा होता. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नामवंत फलंदाज होते. इतर खेळाडू येण्याआधीच ते मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. आपल्याला बाद केले की ग्रेगसाहेब बाळूंना दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. मित्रांनो, जरा हिशेब करा. त्या काळी एका रुपयाचे सोळा आणे होत. म्हणजे साहेबांना आठ वेळा बाद केले की पूर्ण महिन्याचा पगार हातात! आपल्याकडे जत्रेच्या आखाड्यात नारळापासून हजारो रुपयांपर्यंतच्या कुस्त्या लागतात, हे तुम्ही पाहिले आहे. जिंकणाऱ्या पैलवानाला इनाम मिळते, पण पुढच्या जत्रेपर्यंत तो काय खाईल याची हमी कोणी देत नाही. बाळूंचे आठ आणेही तसेच होते. ते साहेबांच्या मर्जीवर मिळत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतकी वर्षे त्या क्लबात राबूनही बाळूंना तेथे फलंदाजी कधी करू दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी विभागणी ठरून गेली होती. खुद्द इंग्लंडातही फारसे वेगळे नव्हते. तेथे हौशी खेळाडूंना जंटलमेन म्हणत आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना प्लेयर्स म्हणत. दोघांचे कपडे बदलायचे खोल्यासुद्धा पुष्कळ ठिकाणी वेगळ्या असत. या दोन गटांतले सामने १९६२ पर्यंत चालू होते.

बाळूंची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत पोहोचली. इंग्रजांना हरवायचे असेल तर असा गोलंदाज हवा, हे सर्वांना कळत होते. पण अस्पृश्य माणसाला संघात कसे घ्यायचे? क्लबातील तेलुगू सभासद त्यांना घ्या म्हणत होते, तर काही ब्राह्मण सभासदांची हरकत होती. अखेर बाळूंना घेतले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळत, त्यात कोणाला विटाळ वाटत नसे. चहाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू आत जाऊन कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे मांडलेले असे. एकाच चेंडूला शिवणारे हात चहाच्या कपाला का चालत नव्हते, हा प्रश्न तुम्हांला पडला असेल. तो तेव्हाही काही लोकांना पडला होता.

साताऱ्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याविरुद्ध पुण्याचा संघ जिंकला, तेव्हा बाळूंनी सात बळी घेतले होते. या विजयानंतर पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. हळूहळू वेगळ्या पानाची प्रथाही सैल झाली.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर बाळू मुंबईला गेले. तेथे त्यांना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. आपल्या देशात तेव्हा क्रिकेट खेळण्याबद्दल आजच्यासारखे मानधन नव्हते. चांगल्या खेळाडूला रेल्वे किंवा एखादी कंपनी नोकरी देई आणि तो तिच्या संघातून खेळे. बाळूंचा संसार त्या नोकरीवर चालला. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांना प्रवेश द्यावा की नाही यावर वाद झाला, पण प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. हिंदू, पारशी आणि युरोपियन संघांच्या या स्पर्धेत १९१२ पासून मुसलमानांचा संघही उतरला आणि ती चौरंगी झाली.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख असे सर्व होते. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराज थोडेच सामने खेळले. सर्व श्रम पडले ते बाळूंच्या खांद्यावर, आणि हे मी शब्दशः म्हणतो, कारण दौऱ्यात त्यांचा खांदा दुखावला होता. संघ पुष्कळ सामने हरला. तरीही बाळूंनी त्या उन्हाळ्यात एकूण ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय ३५ होते. मुंबईस परतल्यावर दलित बांधवांनी त्यांचा मोठा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

आता या चरित्रातील मुख्य प्रसंगाकडे येऊ. संघात सर्वांत अनुभवी खेळाडू बाळू होते. तरी कर्णधारपद त्यांना मिळत नव्हते. ते एम. डी. पै यांच्याकडे जाई. पै हे ब्राह्मण होते आणि मनाने मोठे होते. १९१३ साली एका सत्कारसभेत त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान खरे म्हणजे बाळूंचा आहे. असे बोलायला हिंमत लागते. निवड करणाऱ्यांनी ते ऐकले, पण केले काही नाही.

मग १९२० चा डिसेंबर उजाडला. पै आजारी होते. बाळू ४४ वर्षांचे झाले होते, त्यांना पहिल्या सामन्यासाठी संघातून वगळले गेले. आता त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल हा संघातील उत्तम फलंदाज होता. कर्णधारपद त्याला मिळेल असे अनेकांना वाटले. ते दिले गेले पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले आणि त्यांच्या नावाने चषकही सुरू झाला. परंतु तेव्हा ते विठ्ठलपेक्षा कनिष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी काय केले? त्यांनी आरडाओरडा केला नाही. दोघे संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आम्हांला डावलले जाते, असे निवेदन जाहीरपणे प्रसिद्ध केले.

गिरणीत मजूर काम बंद ठेवतात, त्याला संप म्हणतात. दोन भावांनी खेळ बंद ठेवला, तोही एक संपच होता. ही मागणी पैशांसाठी नव्हती. पण कामाचा मोबदला म्हणजे फक्त पैसे असतात का? मैदान, मेहनत, मजुरी आणि हक्क हे चारही शब्द तुम्ही घरातूनच घेऊन शाळेत आला आहात. पालवणकर बंधूंनी पहिले तीन वर्षानुवर्षे सांभाळले होते. आता ते चौथा मागत होते.

खेळाडूंचे असे झगडे दुसऱ्या देशांतही झाले. अमेरिकेत बेसबॉल हा चेंडूफळीचाच एक खेळ फार लोकप्रिय आहे. तेथे खेळाडू एकदा एका संघाशी करारबद्ध झाला की मालकाच्या इच्छेशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. मालक मात्र त्याला दुसऱ्या संघाला देऊ शकत असे. १९६९ साली कर्ट फ्लड नावाच्या कृष्णवर्णीय खेळाडूला असेच दुसऱ्या गावच्या संघाकडे धाडले, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि न्यायालयात धाव घेतली. तेथे पगार भरपूर होता, पण मी विकाऊ माल आहे का, हा त्याचा सवाल होता. १९७२ साली तो खटला हरला. तीन वर्षांनी मात्र लवादाच्या निकालाने ते जुने बंधन सुटले. पुढे १९९४ साली मालकांनी पगारावर मर्यादा घालण्याचा हट्ट धरला. खेळाडूंनी संप केला आणि त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली. तेथे खेळाडूंची संघटना होती, वकील होते. पालवणकरांच्या पाठीशी असे काही नव्हते. होती ती त्यांची गोलंदाजी आणि फलंदाजी, आणि त्यांच्यावाचून संघाचे अडणार होते.

आणि अडलेही. अंतिम सामन्याच्या आधी तडजोड झाली. पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ संघात आले, बाळूंनाही परत बोलावले आणि उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. पै मुद्दाम बाहेर गेले असावेत, असे मला वाटते. १९१३ मध्ये त्यांनी जे सांगितले होते ते त्यांनी अशा रीतीने पाळले. बाळूंच्या वाट्याला कर्णधारपद आले ते एवढेच.

पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा रीतसर कर्णधार झाला आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. मैदान झाडून ज्यांनी सुरुवात केली त्यांच्याच घरात हा मान आला.

खेळ सोडल्यावर बाळू सार्वजनिक कामात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने मुंबईत उभे राहिले. समोर कोण होते? ज्यांनी त्यांचे मानपत्र लिहिले होते तेच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दलितांचे भले व्हावे हे दोघांनाही वाटत होते, मार्ग वेगळे होते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

त्यांनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळून १७९ बळी घेतले. एका बळीमागे त्यांनी सरासरी पंधरा धावा दिल्या. भारताला कसोटी सामना खेळायला मिळाला १९३२ साली. तेव्हा बाळूंचे वय ५६ होते. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी १९४८ मध्ये विठ्ठलने आपल्या क्रीडाजीवनावर मराठीत पुस्तक लिहिले. बाळूंनी मात्र स्वतःबद्दल पुस्तक लिहिले नाही. मातीच्या भांड्यातला तो चहा घेताना त्यांच्या मनात काय येत असेल, ते मित्रांनो, तुम्हीच वहीत पाच-सहा वाक्यांत लिहून आणा. उद्या वर्गात वाचू.