फादर थॉमस स्टीफन्स आणि आपले धर्मशब्द

प्रार्थनेच्या वेळीं आपण देव, पाप, स्वर्ग, भक्ति हे शब्द इतक्या सहजतेनें उच्चारतों कीं, ख्रिस्ती धर्माच्या अर्थानें ते कोणी तरी प्रथम निवडून घेतले असतील, ही गोष्ट आपल्या ध्यानींहि येत नाहीं. ह्या निवडीसाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत करणें उचित होय.

त्यांचा जन्म इ. स. 1549 च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं तेथें कॅथॉलिक म्हणून राहणें धोक्याचें होतें. 1575 मध्यें त्यांनीं रोम येथें येशूसंघांत प्रवेश केला. 4 एप्रिल 1579 रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें गलबत 24 ऑक्टोबरला गोव्यास लागलें. 1619 मध्यें गोव्यांतच त्यांनीं देह ठेविला. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतांतील लोकांच्या सेवेंत गेला. मायदेश त्यांना पुन्हां दिसला नाहीं.

साष्टीची त्या वेळची स्थिति सांगतांना आपणांस मान खालीं घालावी लागते. 1567 मध्यें पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवालयें पाडलीं होतीं. जुन्या ग्रंथांवरहि बंदी होती. लोकांच्या मनांतील क्षोभ 15 जुलै 1583 रोजीं कुंकळ्ळी येथें उसळला आणि फादर रुडॉल्फ अक्वाव्हिवा व त्यांचे सोबती मारले गेले. त्यांचे देह परत मिळविण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांच्यावर आलें. पुढें गांवच्या पुढाऱ्यांसहि पोर्तुगीजांनीं ठार केलें. अशा भूमींत धर्माचा शब्द बोलावयाचा होता. आणि तो परका वाटला तर कोण ऐकणार?

परंतु ह्या परदेशीय गुरूचा कान फार तीक्ष्ण होता. 1583 मध्येंच आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळती आहे असें नमूद केलें. कोंकणी व मराठी ह्या दोन्ही भाषा त्यांनीं आत्मसात केल्या. धर्मशिक्षणाच्या वेळीं एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें विचारलेला प्रश्न त्यांनींच आपल्या ग्रंथांत नोंदविला आहे. आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं, असा त्याचा आशय होता. मला हा प्रश्न नम्र तितकाच बोंचणारा वाटतो. ज्याच्या घरांतून ओवी गेली, त्याच्या घरांत नुसती प्रश्नोत्तरी ठेवून भागत नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे क्रिस्तपुराण. 1616 मध्यें राशोल येथें तें छापलें गेलें. पहिल्या पुराणांत जुना करार आणि दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र, अशा जवळजवळ अकरा हजार ओव्या. ग्रंथ मराठींत कां, हें त्यांनीं प्रस्तावनेंत सांगितलें आहे. ईश्वरी गोष्टींचें निरूपण करण्यास ही भाषा त्यांना योग्य वाटली. मात्र शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नसे, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणीं ब्राह्मणी कोंकणींतील सोपे शब्द त्यांनीं मिसळले.

शब्द निवडतांना ते एकाच बाजूस झुकले नाहींत. परमेश्वर, पुण्य, भक्ति हे शब्द लोकांच्या तोंडीं होतेच. ते त्यांनीं घेतले. स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ हा शब्दहि निःशंकपणें घेतला, आणि त्यांत राहणारा राजा मात्र निराळा दाखविला. कांहींना हें धाडस अनुचित वाटतें. माझें मत तसें नाहीं; श्रोत्याला जें परमसुखाचें स्थान माहीत होतें तेथूनच त्यांनीं बोलण्यास आरंभ केला. उलट, पवित्र आत्म्याचें नांव त्यांनीं ‘स्पिरितु सांतु’ असेंच ठेविलें. जेथें देशी शब्दानें भलताच अर्थ मनांत येण्याचें भय वाटलें, तेथें परका शब्द पत्करला असावा. आज ह्याच्या उलट झालें आहे: ‘वैकुंठ’ आपल्या उपासनेंतून गेला, आणि ‘पवित्र आत्मा’ रुळला.

पुराणासोबत त्यांनीं कोंकणींत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी व कोंकणीचें व्याकरणहि रचलें. तीं त्यांच्या पश्चात् अनुक्रमें 1622 व 1640 मध्यें छापलीं गेलीं. पाठ देणारा व घेणारा एकच शब्द एकाच अर्थानें वापरूं शकेल, अशी सोय त्यामुळें झाली.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. येथील पुस्तकें येथल्याच लिपींत छापावीं असें त्यांच्या मनांत होतें, आणि 1608 मध्यें त्यांनीं संघाच्या श्रेष्ठींकडे खिळ्यांची मागणीहि केली. खिळे आले नाहींत; पुराण रोमन अक्षरांतच निघालें. 1684 मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलें, तरी हस्तलिखित प्रतींतून तें टिकलें. 1907 मध्यें मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं तें पुन्हां छापविलें, तेंहि रोमन लिपींतच. श्री. शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली ती 1956 मध्यें, त्या मागणीनंतर 348 वर्षांनीं.