फील्ड मार्शल करिअप्पा

आपल्या भारत देशात अनेक थोर पुरुष होऊन गेले. त्यांतले एक म्हणजे फील्ड मार्शल करिअप्पा. १५ जानेवारीला शाळेत गुरुजींनी त्यांची माहिती सांगितली. घरी गेल्यावर आजोबांनी आणखी सांगितली. आमचे आजोबा मराठा पलटणीत नायक होते. आता पेन्शनीत आहेत. ती सर्व माहिती मी येथे लिहीत आहे.

करिअप्पांचा जन्म २८ जानेवारी १८९९ रोजी कोडगू भागात झाला. कोडगू आता कर्नाटक राज्यात आहे. तिथे डोंगर आहेत, पाऊस लई पडतो आणि कॉफीचे मळे आहेत. कावेरी नदी तिथेच उगम पावते. त्यांच्या वडिलांचे नाव मडाप्पा. ते महसूल खात्यात नोकरीला होते. करिअप्पांचे शिक्षण मडिकेरीला झाले. नंतर ते मद्रासला कॉलेजात गेले.

त्या वेळी आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. सैन्यात शिपाई आपले, पण मोठे साहेब सगळे गोरे. १९१९ साली इंदूरला थोड्या भारतीय तरुणांना अधिकारी होण्याचे शिक्षण मिळाले. त्यांत करिअप्पा होते. त्यांची पहिली नेमणूक मुंबईला झाली. पुढे ते इराककडे आणि वझिरीस्तानात गेले. १९४२ साली त्यांच्या हाताखाली एक पूर्ण पलटण दिली. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय होते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण फाळणीही झाली. सैन्याचीसुद्धा वाटणी झाली. एका ताटात जेवलेले सैनिक दोन देशांत गेले. लगेच काश्मीरमध्ये लढाई लागली. तेव्हा पश्चिमेकडच्या सैन्याचे प्रमुख करिअप्पा होते. १९४८ साली झोजी ला नावाच्या उंच खिंडीत आपल्या सैन्याने टँक चढवले आणि खिंड जिंकली. इतक्या उंचावर टँक येतील असे शत्रूला वाटलेच नव्हते.

मग १५ जानेवारी १९४९ हा दिवस आला. त्या दिवशी जनरल बुचर या इंग्रज साहेबांनी सैन्याची सूत्रे करिअप्पांच्या हातात दिली. ते भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. म्हणून आपण १५ जानेवारीला सैन्य दिन पाळतो.

१९५३ साली करिअप्पा निवृत्त झाले. पण ते घरी नुसते बसून राहिले नाहीत. आधी तीन वर्षे त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत भारताचे उच्चायुक्त म्हणून काम केले. मग ते मडिकेरीला आपल्या घरी आले. त्या घराचे नाव रोशनारा. तिथे ते लोकांना स्वच्छता राखा, झाडे जपा असे सांगत.

त्यांचा सगळा जीव सैनिकांत होता. सैनिक तरुणपणीच निवृत्त होतो. पेन्शन थोडी असते, पोरं लहान असतात. आमच्या आजोबांनाही पलटणीतून आल्यावर दोन वर्षे काम मिळाले नव्हते. करिअप्पांना हे दुःख माहीत होते. म्हणून १९६४ साली त्यांनी माजी सैनिकांची देशभराची संघटना काढली. १९७१ साली ते मुंबईतून लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले होते. त्यात ते हरले. तरी त्यांनी काम सोडले नाही.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. करिअप्पांचा मुलगा नंदा हवाई दलात विमान चालवायचा. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. युद्धाच्या अगदी शेवटी त्याचे विमान पडले आणि तो कैदी झाला. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान हे फाळणीच्या आधी करिअप्पांच्या हाताखाली होते. त्यांनी निरोप पाठवला की नंदाला सोडून देतो. करिअप्पांनी नकार दिला. सगळे कैदी आपलीच मुले आहेत, सोडायचे तर सगळ्यांना सोडा, असे त्यांनी कळवले. नंदा चार महिन्यांनी सर्वांबरोबर परत आला. पुढे तो एअर मार्शल झाला.

हे ऐकून मला आधी रागच आला. माझे बाबा पण सैन्यात आहेत. मी आईला विचारलं, बाबा कैदी झाले तर तू पण नको म्हणशील का? आई काहीच बोलली नाही. तिने नुसती भाकरी उलटली. मग आजोबा म्हणाले, एकट्या नंदाला आणलं असतं तर बाकीच्या पोरांच्या आयांनी कुणाकडं बघायचं? तेव्हा मला समजलं. करिअप्पांना पण रात्री झोप आली नसेल. तरी त्यांनी आपल्या मुलाला रांगेत पुढे घातले नाही.

१९८६ साली सरकारने त्यांना फील्ड मार्शल केले. हा सैन्यातला सर्वांत मोठा हुद्दा आहे. त्यांच्या आधी तो फक्त सॅम माणेकशॉ यांना मिळाला होता. १५ मे १९९३ रोजी बंगळूरला करिअप्पांचे निधन झाले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते.

दिवाळीला बाबांना सुट्टी मिळाली नव्हती. दुसऱ्या एका शिपायाची आई आजारी होती म्हणून सुट्टी त्याला दिली. मी तेव्हा रुसलो होतो, फोनवर बोललोच नाही. आता बाबांचा फोन आला की त्यांना करिअप्पांची गोष्ट सांगणार आहे आणि रुसलो नाही हेही सांगणार आहे.

आपल्या गावात पुष्कळ माजी सैनिक आहेत. ते रस्त्यात दिसले की आपण सर्वांनी त्यांना नमस्कार करावा. करिअप्पांना हे नक्की आवडले असते.

इयत्ता ४ थी