संत जोसेफ वाझ यांचे सेवामय चरित्र

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव आला म्हणजे आपली दृष्टी सहजच ख्रिस्तमंदिराकडे, वेदीकडे व घंटेकडे वळते. तथापि ख्रिस्तसभेचे खरे बळ दगडचुन्यात नसते. तिचे सेवक लोकांच्या उंबरठ्याशी जे नाते जोडतात त्यात ते असते. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत हे विशेषेकरून जाणवते. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेज घाटापर्यंतचा हा मुलूख डोंगराळ. पाडे दूरदूर विखुरलेले. ठाकूर, कातकरी, वारली आदी बांधवांची वस्ती मोठी आणि ख्रिस्ती कुटुंबे मोजकी. अशा प्रदेशात ख्रिस्तसभा कशी रुजावी, याचा धडा सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी कोंकण किनाऱ्यावरील एका धर्मगुरूने घालून दिला. ते सत्पुरुष म्हणजे संत जोसेफ वाझ होत.

त्यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील बाणावली या गावी, त्यांच्या आजोळी, झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. आईबाप धर्मशील असल्याने लहानपणीच मुलास प्रार्थनेची गोडी लागली. पुढे जुन्या गोव्यात तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान यांचा अभ्यास पुरा करून 1676 साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली. दीक्षेनंतर गरिबांप्रमाणे राहावे म्हणून ते अनवाणी चालू लागले. 5 ऑगस्ट 1677 रोजी त्यांनी एका लेखाने स्वतःस पवित्र मरियेचे दास म्हणून वाहून घेतले व ते व्रत आमरण पाळले.

1681 साली त्यांची रवानगी कानडा प्रांती झाली. तेथे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील धर्माधिकारी व रोमहून नेमलेले धर्माधिकारी यांच्यात अधिकाराचा वाद माजला होता व त्यात श्रद्धावंतांची मने दुभंगली होती. फादर वाझ यांनी वाद वाढविला नाही. गावोगाव फिरून मिस्सा केली, पापनिवेदने ऐकली, पडकी मंदिरे उभी केली व मुलांना शिकविण्याची तजवीज केली. 1684 साली ते गोव्यास परतले.

त्या काळी युरोपीय मठसंघांत एतद्देशीय धर्मगुरूंना सहसा प्रवेश मिळत नसे. म्हणून जुन्या गोव्यातील काही गोमंतकीय गुरूंनी एकत्र राहण्यास आरंभ केला होता. 1685 साली फादर वाझ त्यांस जाऊन मिळाले व संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी त्या मंडळीस शिस्त लावून दिली. या भूमीतील गुरू परक्या आधाराविना मिशनकार्य चालवू शकतील काय, अशी शंका घेणारे तेव्हा पुष्कळ होते. या शंकेचे उत्तर फादर वाझ यांनी शब्दांनी न देता आपल्या आयुष्याने दिले.

सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी 1658 पर्यंत पोर्तुगिजांचा पाडाव केला होता. डच हे कॅल्विनपंथी असल्याने त्यांनी कॅथलिक गुरूंना देशाबाहेर घालवून उघड उपासनेस बंदी केली. सुमारे तीस वर्षे तेथील श्रद्धावंत गुरूविना होते. हे ऐकून फादर वाझ 1686 साली गोव्याहून निघाले व 1687 साली जॉन नावाच्या एका सेवकासह मजुराच्या वेषात जाफन्यास उतरले. उतरताच अतिसाराने त्यांस मरणाच्या दारी नेले. बरे होताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळेकडे पाहून ज्याचा चेहरा उजळे तो आपला, अशी ओळख पटत गेली. मग रात्री गुप्तपणे मिस्सा व संस्कार होऊ लागले.

डचांचा ससेमिरा वाढल्यावर ते पुत्तलम येथे गेले व 1692 साली कँडीच्या राज्यात शिरले. तेथे पोर्तुगिजांचे हेर म्हणून त्यांस पकडून बंदीत टाकण्यात आले. बंदिवासात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. तमिळ ते आधीच शिकले होते. हळूहळू राजे विमलधर्मसूर्य दुसरे यांची खात्री पटली, की हा मनुष्य निरुपद्रवी आहे.

1697 साली कँडीत देवीची साथ आली. रोगी झालेल्यास आप्तजन रानात सोडून देऊ लागले. राजाही नगर सोडून गेला. तेव्हा फादर वाझ व त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हालो यांनी रोग्यांस आसरा दिला, अन्नपाणी भरविले, जखमा धुतल्या आणि मेलेल्यांस मूठमाती दिली. बौद्ध कोण, ख्रिस्ती कोण, हे त्यांनी पाहिले नाही. या सेवेमुळे राजाचे मन पूर्ण वळले व धर्मकार्यास राज्यात मोकळीक मिळाली.

गोव्याहून आलेले थोडे गुरू साऱ्या बेटास पुरे पडणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक वस्तीत एका विश्वासू वडीलधाऱ्या गृहस्थाकडे देखरेख व एका जाणत्याकडे प्रार्थना शिकविण्याचे काम सोपविण्यात आले. यामुळे गुरू महिनोन्‌महिने फिरकले नाहीत तरी वस्तीतील प्रार्थना थांबत नसे. 1705 साली आलेले दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनी तर सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना करून लोकांच्या मुखी त्यांच्याच भाषेत धर्म नेला. फादर वाझ यांना वरिष्ठ धर्माधिकाराचे पद देऊ केले असता त्यांनी ते नम्रपणे नाकारले.

16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. 21 जानेवारी 1995 रोजी परमपूज्य पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांस धन्यवादित घोषित केले व 14 जानेवारी 2015 रोजी त्याच नगरीत परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

वाचकहो, या चरित्रात तोफा नाहीत, खजिना नाही, राजाश्रयही आरंभी नाही. एक गुरू लोकांची भाषा शिकला, त्यांच्या आजारात जवळ बसला, धर्मभेद न पाहता त्यांच्या उपयोगी पडला आणि आपले काम गृहस्थांच्या हाती विश्वासाने सोपविता झाला. एवढ्यावर जवळजवळ विझलेली ख्रिस्तसभा पुन्हा तेवू लागली. आपल्या डोंगरपट्टीतही दूरच्या पाड्यावर कोणी तापाने फणफणला असेल, कोणा पोरास अक्षरओळख नसेल, तर तेथवर चालत जाणे हे केवळ आपल्या धर्मगुरूंचे काम नव्हे, तुमचेआमचेही आहे. ज्युबिलीच्या या मंगल वर्षी संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने देवपिता आपणांस ती पायपीट करण्याचे बळ देवो, हीच प्रार्थना.