हरल्यावरही ज्यांना गावाने डोक्यावर घेतले : खाशाबा जाधव

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो,

उत्तरायणच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे वासी उत्तरायणला, आपले सुरत अजून गच्चीवरच असते. उरलेले पतंग, उरलेले उंधियू आणि दुखणारी बोटे! त्याच दिवशी, म्हणजे १५ जानेवारीला, एका मराठी पहिलवानाचा जन्मदिवस असतो. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कुस्तीगीर खाशाबा दादासाहेब जाधव १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मले. महाराष्ट्र शासनाने आता हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. गामा पहिलवान आणि मेजर ध्यानचंद आम्हाला शाळेत भेटले, खाशाबा मात्र घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून भेटले. त्यांच्या पदकाविषयी सर्वत्र लिहिले जाते. आज मला लिहायचे आहे ते त्यांच्या पराभवांविषयी आणि त्या वेळी त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांनी काय केले याविषयी.

आवडता खेळाडू हरला की काय वाटते, हे तुम्हाला सांगायला नको. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना आपण हरलो, तेव्हा घराघरांत त्या रात्री कोणाला जेवण गेले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपले मुष्टियोद्धे एकही पदक न घेता परतले. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचूनही शंभर ग्रॅम वजनासाठी बाद ठरली. बॉक्सिंग आणि कुस्तीत हे दुःख अधिक बोचते. तिथे अकरा जण नसतात. एकटा माणूस उतरतो आणि आपल्या डोळ्यांदेखत एकटा पडतो. मग आपल्या दुःखाचा कधी कधी राग होतो. काल ज्याचा फोटो भिंतीवर होता, त्यालाच आज नावे ठेवली जातात. अशा वेळी खाशाबांचे चरित्र वाचावे.

खाशाबांचे गाव गोळेश्वर. सातारा जिल्ह्यात, कराडला लागून. शेतकरी कुटुंब, आणि वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. लहानपणापासून मुलाला लाल मातीची ओढ लागली. आपल्यापैकी अनेकांची मुळे खानदेशात आहेत. तिथल्या यात्रेतले कुस्त्यांचे फड आजोबांनी पाहिलेले असतात. छोट्या मुलांची कुस्ती रेवड्यांवर, मोठ्यांची फेट्यावर आणि रोख इनामावर. कराड-कोल्हापूरकडे तर प्रत्येक पेठेची तालीम आणि प्रत्येक तालमीचे आपले भक्त. आपला पहिलवान चितपट झाला की त्या तालमीची माणसे फेटा सावरत खाली मान घालून फडातून निघत. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच पहिलवान पुन्हा जोर-बैठका काढायला येई, आणि तीच माणसे त्याच्या खुराकाचे दूध घेऊन येत. पहिलवान हरला म्हणून कोणी तालीम बदलत नसे.

खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. १९४२ च्या चळवळीत या विद्यार्थ्याने भूमिगत क्रांतिकारकांना मदत केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीचे माहेरघर केले होते. त्यांनी बांधलेले खासबाग मैदान आजही उभे आहे. खाशाबा अंगाने बुटके आणि सडपातळ. प्रथम पाहणाऱ्याला ते मल्ल वाटतच नसत. पण त्यांची चपळाई विलक्षण होती आणि 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला असे फेकायचे की त्याला कळायच्या आत पाठ जमिनीला लागलेली असे.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर खाशाबांसमोर वेगळीच परीक्षा होती. मातीत वाढलेल्या माणसाला गादीवर लढायचे होते. आपल्याकडे कुस्ती म्हणजे चितपट, हार किंवा जीत. तिथे गुणांचा हिशोब होता. रीस गार्डनर या प्रशिक्षकांनी त्यांना गादीवरची कुस्ती शिकवली. अशा तयारीवरही खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले.

सहावा क्रमांक! आज कोणी म्हणेल, एवढ्या लांब जाऊन काय मिळवले? खाशाबांनी मात्र या पराभवाकडे गृहपाठासारखे पाहिले. कुठे कमी पडलो, ते त्यांना नेमके कळले होते. पुढची चार वर्षे त्यांनी रोज कित्येक तास मेहनत केली आणि वजनाचा गटही वरचा घेतला, ५७ किलोचा बँटमवेट.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या वेळी वाट आणखी बिकट झाली. निवडीच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. कुस्तीचे चाहते असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून आपली जागा मिळवली.

आता प्रश्न पैशाचा. सरकारी मदत अपुरी होती. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्याला जे जमले ते त्याने दिले. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले आणि ते पैसे आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. मित्रांनो, १९५२ सालचे सात हजार! हा विद्यार्थी पदक आणीलच, याची कोणतीही खात्री त्या वेळी नव्हती. त्यांच्यासमोर लंडनचा सहावा क्रमांक होता. म्हणजे त्यांनी घर गहाण ठेवले ते एका हरून आलेल्या मुलासाठी. मीही एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. हा प्रसंग वाचताना दर वेळी मी थोडा थांबतो.

हेलसिंकीत खाशाबांनी सुरुवात जोरात केली. कॅनडाचा पोलिकिन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. सुवर्णपदक दिसू लागले होते. पुढे मात्र दोन कुस्त्या त्यांच्या हातून गेल्या. एक जपानच्या शोहाची ईशीविरुद्ध. ही कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि खाशाबांना थकवून गेली. दुसरी सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण त्यांना ती मिळाली नाही, आणि आक्षेप घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे त्यांच्या जीवनाविषयी नेहमी सांगितले जाते. ईशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

ज्या ईशीने आपल्या खाशाबांना हरवले, त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तो मुळात ज्यूदोचा खेळाडू. महायुद्धात जपान हरल्यावर ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक ठरले. आपला आवडता मल्ल ज्याच्याकडून हरतो, त्याच्यामागेही कोणाचे तरी गाव रडत-हसत उभे असते. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. त्यांचे पदक एका पायरीने हुकले. त्यांचे नाव आज किती जणांना माहीत आहे?

त्या ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाने त्यांचे कौतुक केले, ते योग्यच होते. त्या गडबडीत खाशाबांच्या कांस्यपदकाकडे दिल्ली-मुंबईचे फारसे लक्ष गेले नाही. कराडकरांनी मात्र त्या पदकाचा धातू विचारला नाही. कराड स्टेशनपासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे, गुलाल, फेटे! काही मिनिटांची वाट चालायला कित्येक तास लागले. शेवटच्या दोन कुस्त्या हरून आलेल्या माणसाचे हे स्वागत होते, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटले नाही.

खाशाबांनीही हे प्रेम फुकट घेतले नाही. घरी परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवले. सत्कार घेत फिरण्याआधी त्यांनी गुरूंचे कर्ज फेडले.

पुढचे आयुष्य तितके उजळ नव्हते. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत त्यांचा सहभाग होता. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार आणि देशाचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मरणोत्तर मिळाले. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक भारताला ४४ वर्षांनी, १९९६ मध्ये लिएंडर पेसने टेनिसमध्ये मिळवून दिले. कुस्तीतले पुढचे पदक तर ५६ वर्षांनी, २००८ मध्ये सुशीलकुमारने आणले. त्याच बीजिंगमध्ये विजेंदर सिंगने बॉक्सिंगचे पहिले पदक मिळवले. एवढ्या वर्षांनंतर आपल्याला कळले की हेलसिंकीचे ते कांस्य केवढे मोठे होते. कराडच्या बैलगाडीवाल्यांना ते त्याच दिवशी कळले होते.

पालकहो, हे सर्व मी आत्ता का लिहीत आहे, हेही सांगतो. थोड्याच दिवसांत दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा आहेत. आपल्या घरातले मूल हाच आपला सर्वात लाडका पहिलवान असतो. तो एकटाच परीक्षेच्या दालनात जातो, आपण बाहेर रिक्षाजवळ उभे राहतो. निकाल चांगला लागला तर पेढे वाटणे सोपे आहे. गुण कमी पडले तर आपल्यालाही दुःख होईल, आणि ते व्हावेच, कारण प्रेम आहे तिथेच दुःख आहे. परंतु त्या संध्याकाळी त्या दुःखाचा राग होऊ देऊ नका. शेजारच्या मुलाचे टक्के सांगू नका. त्याच्यासोबत जेवायला बसा. सहाव्या क्रमांकावर आलेल्या मुलासाठी एका प्राचार्याने घर गहाण ठेवले होते. आपल्याला फक्त एक संध्याकाळ द्यायची आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच. तुमचा आवडता खेळाडू हरला तर मनसोक्त वाईट वाटू द्या, पण त्याला सोडू नका. वर्गातला मित्र मागे पडला तर त्यालाही सोडू नका. आणि कधी तुम्हीच हरलात, तर खाशाबांसारखे दुसऱ्या दिवशी पहाटे उठा आणि तालमीत जा. तिथे तुमची वाट पाहणारे कोणीतरी नक्की असेल. निदान शाळेत तरी असेलच.

सर्व परीक्षार्थींना मनःपूर्वक शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक