पडलेला चिमटा

२०२० च्या एप्रिलमधली गोष्ट. माझी मावशी ठाण्याच्या एका रुग्णालयात परिचारिका. लोकल बंद, म्हणून ती डोंबिवलीहून एसटीने जाई. एन-९५ मास्कचा तुटवडा होता. आमच्या भिंतीवर पाच कागदी पिशव्या टांगलेल्या असत. वापरलेला मास्क पिशवीत पाच दिवस कोरडा ठेवायचा, मग पुन्हा लावायचा. मदत करावी म्हणून मी एक मास्क साबणाने चोळून धुतला. मावशीने तो निमूटपणे टाकून दिला. त्याच्या तंतूंवरचा विद्युतभार सूक्ष्म कण धरून ठेवतो, साबणाने तो नाहीसा होतो, हे मला त्या दिवशी कळले.

त्याच सुमारास मी वाल्देमार हाफकिन यांचे चरित्र वाचले. जन्म १८६० चा, ओडेसाचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

अशा माणसावर १९०२ च्या ऑक्टोबरात घाला आला. पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस निर्जंतुक करण्यासाठी हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशीत त्यावरच बोट ठेवले गेले. त्यांचे पद गेले. मात्र त्या बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते कलकत्त्यास कामावर परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचा अंत झाला.

तो चिमटा पाहणाऱ्याला स्वच्छच वाटला असेल. माझा धुतलेला मास्कही तसाच पांढराशुभ्र दिसत होता. माझ्या चुकीची किंमत एक मास्क. मलकोवालच्या चुकीची किंमत १९ जीव, आणि एका निरपराध माणसाची पाच वर्षे. परळला हाफकिन संस्थेवरून जाताना मला त्या चिमट्याची आठवण होते, आणि भिंतीवरच्या पाच पिशव्यांचीही.