संशय घेणारा शिष्य, प्राण देणारा साक्षीदार

तुमच्या मनात कधी संशय येतो का? प्रार्थना करताना, देव खरोखर ऐकतो का, असे वाटते का? आणि तसे वाटले म्हणून आपला विश्वास कच्चा आहे, आपण प्रभूच्या काही कामाचे नाही, असे समजून तुम्ही मागे सरता का? मग प्रेषित थोमाची जीवनकथा तुमच्यासाठी आहे.

थोमा प्रभू येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. त्याला दिदुम, म्हणजे जुळा, असेही म्हणत. आपण त्याला संशयी म्हणूनच ओळखतो; पण त्याची पहिली ओळख वेगळी आहे. लाजर मरण पावला तेव्हा येशू यहूदीयात परत जायला निघाला. तेथे लोक त्याला दगडमार करायला टपले होते. शिष्य घाबरले. त्या वेळी, आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असे सोबत्यांना सांगणारा थोमाच होता.

तरीही वधस्तंभाच्या वेळी शिष्य पळाले, त्यांत तोही होता. येशू उठला आहे, असे इतरांनी सांगितले तेव्हा, खिळ्यांच्या खुणा स्वतः पाहिल्याशिवाय आणि त्यांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. आठ दिवसांनी प्रभू आला. त्याने थोमाला हाकलून दिले नाही. आपल्या जखमा त्याच्यापुढे धरल्या. थोमाने त्याला आपला प्रभू आणि देव मानले.

त्यानंतरची कथा आपल्या देशाची आहे. भारतातील ख्रिस्ती परंपरेनुसार थोमा इ.स. ५२ मध्ये समुद्रमार्गे केरळच्या किनाऱ्यावर, आजच्या कोडुंगल्लूरजवळ उतरला. तेथे त्याने सुवार्ता सांगितली, सात मंडळ्या स्थापन केल्या आणि पुढे पूर्व किनाऱ्यावर मैलापूरला गेला.

आज तुम्ही चेन्नईत वेलचेरीला गेलात, तर या कथेच्या दोन्ही खुणा तेथून काही किलोमीटरवरच आहेत. सैदापेटजवळच्या लहान टेकडीवर एक गुहा आहे. जिवावर उठलेल्या लोकांपासून थोमाने तेथे आसरा घेतला होता, असे सांगतात. दुसरी टेकडी सुमारे ३०० फूट उंच आहे, सेंट थॉमस माउंट. इ.स. ७२ मध्ये तेथेच भाल्याच्या घावाने त्याला मरण आले, अशी श्रद्धा आहे. त्याला मैलापूरला पुरले. त्या कबरीवर आज सान थोम महामंदिर उभे आहे. ३ जुलैला मंडळी त्याचा सण पाळते.

जरा विचार करा. भाल्याने मरण पावलेल्या प्रभूच्या जखमा थोमाला पाहायच्या होत्या का? नाही, प्रभू मरणानंतरच भाल्याने भोसकला गेला. पण कुशीतली तीच जखम थोमाने पाहायला मागितली, आणि शेवटी तशीच जखम त्याच्या वाट्याला आली. स्तेफन दगडांखाली पडला, योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेला. ही माणसे जन्मतःच शूर नव्हती. जिवंत प्रभू भेटल्यावर त्यांचे भय गेले.

आज बहुधा कोणी आपल्यावर भाला उगारणार नाही. पण कार्यालयात सगळे खोटे बिल करत असताना एकट्याने नाही म्हणावे लागते. मित्रांनी थट्टा केली, तरी प्रार्थना सोडू नये असे वाटते. आजारपणात देव गप्प आहे असे वाटत असतानाही त्याला धरून राहावे लागते. हीच आपली साक्ष आहे.

म्हणून तुमचा संशय लपवू नका. थोमासारखा तो प्रभूपुढे ठेवा. मात्र उत्तर मिळाल्यावर तेथेच बसून राहू नका, थोमासारखे उठा आणि चालू लागा. आज एक गोष्ट ठरवा : भीतीमुळे तुम्ही कोठे गप्प राहता? त्याच ठिकाणी खरे बोलण्याचे धैर्य प्रभूकडे मागा. तो नक्की देईल. आमेन.